बुजऱ्या लांडग्याशी ओळख करताना

सुरुवातीला लांडग्याच्या कुंपणात जाऊन काहीच करू नका, नुसते बसा. अंग तिरकं, नजर खाली. त्याच्या लपायच्या जागेची वाट मात्र अडवू नका. पळायला जागा उरली नाही की भेदरलेला लांडगा चावतो. कुंपणाबाहेर अनुभवी माणूस असल्याशिवाय आत जायचंच नाही.

मांसाचे तुकडे दूर टाका. तो जवळ आला की नवख्यांचा हात आपसूक पुढे जातो, तो आवरा. हुंगू द्या, परत जाऊ द्या. शेपूट पोटाखाली गेली, कान मागे पडले, जीभ सारखी नाकावरून फिरू लागली, की त्या दिवसापुरतं पुरे. उपाशी ठेवून माणसाळवायचा सल्ला कोणी दिला तर सरळ कानाआड करा.

अगदी लहानपणापासून माणसात न वाढलेला लांडगा कधी अंगाला हात लावू देईलच असं नाही. तुमच्यासमोर निवांत खाल्लं तरी खूप झालं.