वाचकांचे प्रश्न : सतरा पावले की चौदा?

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी ४०० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) धावते. दोन हर्डलच्या मधे तिची १७ पावले पडतात. नेदरलँड्सची धावपटू फेमके बोल हिचे व्हिडिओ पाहून तिने आता १४ पावलांचा हट्ट धरलाय. बांबोळीच्या ट्रॅकवर करून पाहिले, पण चौथ्या हर्डलपाशी अडखळते. – एक आई, साखळी

उत्तर : आधी हिशेब मांडा. दोन हर्डलमधले अंतर ३५ मीटर. हर्डलवरून जाण्यात साधारण ३.२ मीटर जातात : दोन मीटर अलीकडून टेकऑफ, सव्वा मीटरभर पलीकडे पाय टेकतो. उरले ३१.८. सतरा पावलांत पाऊल १.८७ मीटरचे, पंधरात २.१२ आणि चौदात २.२७. म्हणजे मुलगी प्रत्येक पाऊल ४० सेंटीमीटरने ताणतेय. ताणलेले पाऊल शरीराच्या पुढे पडते आणि दर वेळी ब्रेक लागतो. तीन हर्डल जोमात निघतात, चौथ्याला अंतर पुरत नाही.

दुसरी गोम पायाची. पावले विषम असली की दर हर्डलला तोच पाय पुढे येतो, सम असली की आलटून पालटून. सहा फूट उंचीच्या बोललाही १४ पहिल्याच दिवशी जमली नाहीत. आधी ती १५ वर धावायची, १४ वर नंतर आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) ५२.०३ सेकंदांत तिला कांस्य मिळाले होते. जुलै २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँला ती ५०.९५ धावली.

मुलीला आधी १६ वर आणा. त्यासाठी ‘वाईट’, म्हणजे एरवी पुढे न येणारा, पाय तयार हवा : पाच हर्डल बुटक्या उंचीवर, जवळजवळ लावून, रोज दहा मिनिटे फक्त त्याच पायाने. मग पूर्ण उंचीचे (७६.२ सेंटीमीटर) पहिले तीनच हर्डल लावा आणि टेकऑफच्या जागी चुन्याची रेघ मारा. सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत ४५ मीटर असतात. तिथली पावले मोजा आणि ती दर वेळी तेवढीच येईपर्यंत पुढे जाऊ नका. तिथे चुकले की पुढचे सगळे बिघडते. पावसात तांबड्या मातीच्या मैदानावर हे करू नका, टेकऑफचा पाय घसरतो.

प्रश्न : हर्डल पडले तर धावपटू बाद होतो का? – शाळेतले क्रीडा शिक्षक, काणकोण

उत्तर : नाही, ओलांडताना पाय लागून पडले तर नाही. वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ ते ४ किलोंचा जोर पडला की कलंडावे, असेच ते बनवलेले असते. मात्र हर्डलचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला हवेत. शाळांच्या मैदानांवर ते सर्रास उलटे मांडतात. मग हर्डल कलंडत नाही, मूल कलंडते. बाद होण्याचे नेहमीचे कारण वेगळेच : मागचा पाय हर्डलच्या बाजूने, पट्टीच्या पातळीखालून जातो. वळणावर उजवा पाय पुढे टाकणाऱ्याचा मागचा डावा पाय आतल्या बाजूला लोंबतो, म्हणून त्याने लेनच्या मधोमध राहावे. डावा पाय पुढे टाकणाऱ्याला आतल्या रेघेला धरून धावता येते.

प्रश्न : बोल हर्डल्स सोडणार, हे खरे का? – वाचक, म्हापसा

उत्तर : हो. बुडापेस्ट (२०२३, ५१.७०) आणि टोकियो (२०२५, ५१.५४) अशी दोन जागतिक सुवर्णपदके घेऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने ८०० मीटरकडे वळत असल्याचे जाहीर केले. बिनहर्डलचे धावणे तिला नवे नाही : इनडोअर ४०० मीटरचा ४९.१७ सेकंदांचा जागतिक विक्रम तिने २०२४ मध्ये ग्लासगोला केला.