काटा, पंच आणि पट्टी : हौशी बॉक्सरांची प्रश्नोत्तरे

वय 20, रोजचं वजन 63 किलो. निवड चाचणीला 60 किलोच्या गटात उतरू की 65 च्या? मित्र म्हणतात, आदल्या दिवशी पाणी तोडलं की तीन किलो सहज जातात.

जातात, पण एकदाच. व्यावसायिक बॉक्सरचं वजन आदल्या दिवशी होतं आणि लढत एकच असते. तुमच्याकडे प्रत्येक लढतीच्या सकाळी काटा. अंतिम फेरी गाठायची तर चार-पाच वेळा. पहिल्याच सकाळी सुकलेला मुलगा तिसऱ्या लढतीत पायांतून जातो.

दोन आठवडे रोज सकाळी शौचाहून आल्यावर, उपाशीपोटी वजन करून वहीत लिहा. सरासरी 63 असेल तर आठवड्याला पाव किलो या हिशेबाने सहा आठवड्यांत 61.5 वर या. उरलेला दीड किलो शेवटच्या दोन-तीन दिवसांचा: मीठ कमी, पालेभाजी, कोशिंबीर, कडधान्यं बंद, थोडा भात आणि अंडी. चोथा कमी झाला की आतडी हलकी होतात.

झोपताना आणि उठल्यावर असं दोनदा वजन करून फरकही टिपून ठेवा. बहुतेकांचा अर्धा ते पाऊण किलो निघतो. तुमचा 600 ग्रॅम असेल, तर लढतीच्या आदल्या रात्री जेवून-पाणी पिऊन काटा 60.5 दाखवत असला तरी निवांत झोपा. हा आकडा माहीत नसलेला मुलगा घाबरून उपाशी झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी ते दिसतं.

लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड वगैरे) बंदी असलेल्या यादीत आहे, स्पर्धा असो वा नसो. रुग्णालयातल्या उपचाराशिवाय 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त सलाइन घेणंही नियमभंग. हातात सहा आठवडे नसतील तर सरळ 65.

मुलगी 48 किलोत चांगली खेळते. याच गटात पुढे जावं का?

जागतिक स्पर्धेसाठी हो. 2025 मध्ये लिव्हरपूलला मीनाक्षी हुडाने 48 मध्येच सुवर्ण जिंकलं. पण ऑलिंपिकमध्ये हा गट नाही. मेरी कोमनेही 2012 चं कांस्य 51 मध्ये मिळवलं. अमित पंघालचा 49 चा गट टोकियोच्या यादीतून गेल्यावर तो वेळेत 52 मध्ये सरकला आणि 2019 ला जागतिक रौप्य घेऊन आला. चढायचं तर असं, दीड-दोन वर्षं हाताशी ठेवून. अंगावर आलेले तीन किलो चरबीचे असतील तर समोरची फक्त उंच आणि जड वाटते.

बहिणीने दुसऱ्या राउंडला प्रतिस्पर्धीला आठचा काउंट (मार बसल्यावर रेफ्री लढत थांबवून आठपर्यंत मोजतो तो) घ्यायला लावला, तरी 1-4 ने हरली. हा अन्याय नाही का?

(पंच म्हणजे ठोसाही आणि निकाल देणाराही, त्यामुळे आपल्याकडे ही चर्चा नेहमीच गोंधळाची होते.) हौशी बॉक्सिंगमध्ये काउंटचा वेगळा गुण नाही. पाच पंच प्रत्येक राउंड स्वतंत्र मोजतात: जिंकणारीला 10, हरणारीला बहुधा 9. दुसरा राउंड 10-9 ने मिळाला, पण पहिला आणि तिसरा गेला, तर बेरीज 28-29. दुसरा 10-8 दिला असता तरी 28-28, आणि मग त्या पंचाला स्वतःच विजेती निवडावी लागते.

चित्रफीत आवाज बंद करून पाहा. ग्लोव्हच्या मुठीच्या बाजूने, डोक्याच्या किंवा धडाच्या समोर-बाजूला बसलेले ठोसेच मोजा. गार्डवर (बचावासाठी समोर धरलेल्या हातांवर) आदळलेले आणि उघड्या ग्लोव्हची चापट सोडून द्या. आकडा निम्म्यावर येतो. रेफ्रीची वॉर्निंग झाली होती का, तेही बघा: एका वॉर्निंगला पाचही पंचांच्या बेरजेतून एक गुण वजा.

नॉकआउटनंतर किती दिवसांनी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत)?

किमान 30 दिवस नाही. शुद्ध हरपली असेल तर त्याहून जास्त, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. डोकं दुखत नाही, एवढं पुरेसं नसतं.

बॅगवर सराव केला की मधल्या बोटाचं हाड सुजतं. पट्टी तर रोज बांधतो.

बहुधा बोटं जुळवून, हात सैल ठेवून बांधता. बोटं फाकवून बांधा. साडेचार मीटरची पट्टी घ्या. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या हाडांवर तीन. बोटांच्या तिन्ही फटींतून एकेक फेरा, प्रत्येक वेळी मनगटाकडे परत. एक वेढा अंगठ्याला, शेवट मनगटावर. मूठ वळली की पट्टी आवळली पाहिजे, उघडली की सैल. उघड्या हातातच बोटांची टोकं निळसर झाली तर सोडून पुन्हा बांधा. एवढं करूनही सूज दोन आठवड्यांत उतरली नाही तर एक्स-रे काढा, आणि तोवर त्या हाताने बॅग नको.