गव्हाच्या कोंड्यातल्या लिग्निनची रचना लाकडातल्या लिग्निनसारखीच असते का?

लिग्निन, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकांना टणक करणारं मोठ्या रेणूंचं द्रव्य, त्याची रचना वहीत काढून दाखवा, असं तुम्ही म्हटलंय. अशी ठरलेली आकृती नसते. पुस्तकात छापलेलं चित्र हा फक्त एक संभाव्य तुकडा असतो.

मी नाशिकच्या एका कॉलेजात बरीच वर्षं सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवलं. मुलं इथेच अडायची, कारण स्टार्चची त्यांना सवय असते: ग्लुकोजला ग्लुकोज, ठरावीक पद्धतीने जोडलेला. लिग्निन तीन अल्कोहोलांपासून बनतं: पॅरा-कूमारिल, कोनिफेरिल आणि सिनॅपिल. तिन्हींत बेंझीनचं वलय आणि तीन कार्बनची शेपटी. फरक वलयावरच्या मेथॉक्सी (–OCH₃) गटांचा: पहिल्यावर एकही नाही, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन. पेशीभित्तिकेतली पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही विकरं यांचे रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेले चपळ रेणू, करतात आणि ते जमेल तिथे जुळतात. कुणी कुणाला धरायचं, याचा साचा नाही. बीटा-ओ-४ (एकाच्या शेपटीतला बीटा कार्बन ऑक्सिजनमार्फत दुसऱ्याच्या वलयातल्या चौथ्या कार्बनला जोडलेला) हा ईथर बंध सर्वांत जास्त आढळतो, पण मधूनमधून कार्बन-कार्बन जोडही असतात आणि ते तोडणं महाकठीण. लाकूड कुजवणारी काही बुरशी ऑक्सिजनच्या मदतीने ते साधते. आपल्या मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळपास नाही, म्हणून लिग्निन जसंच्या तसं बाहेर पडतं.

लाकडाशी तुलना केली, तर पाइनमध्ये जवळजवळ सगळं कोनिफेरिलचं, ओकमध्ये कोनिफेरिल आणि सिनॅपिल दोन्हींचं. ओकची पिंपं आतून भाजतात तेव्हा हेच लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं. आपल्याकडच्या वायनरीत पिंपात मुरवलेल्या वाइनला येणारा व्हॅनिलाचा वास बराचसा त्याचाच. गवतवर्गात, म्हणजे गहू-मक्यात, तिन्ही घटक सापडतात, पण पॅरा-कूमारिलचा वाटा थोडा.

धान्याचं खरं वेगळेपण फेरुलिक आम्लात आहे, आणि पाठ्यपुस्तकं ते एका ओळीत उरकतात. कोंड्यातल्या अरॅबिनोझायलन या शर्करा-साखळीवर फेरुलिक आम्ल एस्टर बंधाने लटकलेलं असतं. ते कोनिफेरिल अल्कोहोलचं सख्खं भावंडच. शेपटीच्या टोकाला अल्कोहोलऐवजी आम्ल, एवढंच. त्यामुळे तीच विकरं त्याचाही रॅडिकल करतात. मग एक फेरुलिक शेजारच्या फेरुलिकला जुळून दोन साखळ्या बांधतं, किंवा थेट कोनिफेरिल अल्कोहोलला जुळतं. असे जोड धान्याच्या तंतूंत प्रत्यक्ष सापडले आहेत. म्हणजे लिग्निन साखळीला टाके घालून शिवलेलं असतं आणि शुद्ध वेगळं काढायला गेलं की शर्करेचे तुकडे सोबत येतात.

सगळ्या कोंड्यात ते सारखं पसरलेलंही नसतं. लिग्निन मुख्यतः फलभित्तीत, म्हणजे दाण्याच्या बाहेरच्या आवरणात. आतल्या ॲल्युरोन थरात फेरुलिक आम्ल भरपूर, पण लिग्निन जवळजवळ नाहीच.

मोजणीबद्दल मात्र सावध राहा. क्लासन पद्धतीत ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात शर्करा विरघळवतात, मग आम्ल पातळ करून उकळतात आणि उरलेल्या गाळाला, राख वजा करून, लिग्निन म्हणतात. लाकडासाठी ते ठीक आहे. आम्ही एकदा घरी पीठ चाळून उरलेल्या कोंड्यावर हे केलं. आकडा भलताच मोठा आला आणि मी जर्नलवर सही करणार, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लिग्निनमध्ये नायट्रोजन नसतो ना? मग गाळाचा नायट्रोजन बघूया का?" बघितला, तर निघाला. आम्लाने न विरघळलेलं प्रथिन आम्ही लिग्निन म्हणून तोललं होतं. मेणं आणि क्युटिन (वनस्पतीच्या बाह्य सालीतलं मेणासारखं द्रव्य) हीही त्या गाळात राहतात. भाजलेल्या पदार्थात तर भाजताना तयार झालेली तपकिरी द्रव्यंही.

तेव्हा आधी विकरांनी स्टार्च आणि प्रथिन काढा, उरलेल्या नायट्रोजनवरून प्रथिन वजा करा, आणि मगच आकडा लिहा. लिग्निन कुठल्या थरात आहे एवढंच बघायचं असेल तर गव्हाच्या दाण्याचा पातळ छेद घ्या, त्यावर अल्कोहोलात विरघळवलेलं फ्लोरोग्लुसिनॉल हे रसायन आणि मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. हातमोजे घाला. लिग्निन असलेल्या पेशींच्या भिंती लालसर होतील.