खल, खलबत आणि 'डेलिबरेशन'

प्रश्न असा: 'डेलिबरेशन'ला, म्हणजे निर्णयाआधी सगळ्या बाजू तपासून केलेल्या विचारविनिमयाला, मराठीत खलबत म्हणावं का, आणि सार्वजनिक निर्णयात त्याचं काम काय?

खलबत अजिबात म्हणू नये. हा अरबी 'खल्वत', फारसीमार्गे आलेला, अर्थ एकांत. रायगडावरचा खलबतखाना जमिनीखाली आहे तो उगीच नाही. तरी 'सर्वसाधारण सभेत खलबतं सुरू' असं सर्रास छापलं जातं. शेकडो लोकांदेखत, ध्वनिवर्धकावर कसलं खलबत?

हवा तो शब्द 'खल'. (दुष्ट हा अर्थ इथे नको.) काही जाणकार खलला खलबताचं तुटलेलं रूप ठरवतात. मला हे साफ अमान्य. खलबत नपुंसकलिंगी, खल पुल्लिंगी. खलबतं चालतात, शिजतात. खल मात्र करावा लागतो. हा खल बत्त्याचा जोडीदार, औषध खलण्याचा. भुकटीत रस घालायचा, तो आटेपर्यंत घोटायचं, पुन्हा रस, पुन्हा घोटणं. एकेका फेरीला वैद्य 'भावना' म्हणतात. भस्म चिमटीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत शिरलं तर ते रेखापूर्ण. कोरडंच घोटलं तर भुकटी उडते, आणि खल काठोकाठ भरला तर बत्ता फिरतच नाही. एकाच बैठकीच्या कार्यपत्रिकेत चाळीस विषय कोंबले की नेमकं हेच होतं. 'वाटाघाट'सुद्धा वाटणे आणि घाटणे यांतूनच आली, असं माझं ठाम मत आहे. 'चर्चा' मात्र वेगळ्या कुळातली. संस्कृतात तिचा एक अर्थ उटी लावणं, 'चंदनचर्चित'मधला. तो लेप झाला, वरवरचा.

आता निर्णयाचं. हात वर करून मतं मोजता येतात. ती बदलायची तर आधी खल व्हावा लागतो. मसुदा आधीच सगळ्यांच्या हाती हवा, मग हरकती, प्रत्येक हरकतीला कारणासह उत्तर, मग दुरुस्ती, आणि मतदान शेवटी. हरकती नुसत्या 'नोंदवून घेतल्या' आणि उत्तर कुणालाच दिलं नाही, तर ती फार तर चर्चा.

'ऊहापोह'ही चालेल, पण ऊ दीर्घच. ऊह म्हणजे तर्काने मांडणं, अपोह म्हणजे तर्काने बाजूला सारणं. इतिवृत्तात फक्त मंजूर ठराव लिहितात, नाकारलेले पर्याय आणि ते का नाकारले हे गाळतात. तिथे अपोह कागदावर येतच नाही, आणि वर्षभराने तोच पर्याय पुन्हा नव्याने मांडला जातो.