लोक कचरा वेगळा करायला लागतात ते जनजागृतीमुळे की दंडामुळे?

दोन्हींमुळे नाही. शेजारी बघतात म्हणून सुरू करतात आणि फार कटकट नसेल तर करत राहतात.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा माझे मोठे दीर होते. भावजींचं म्हणणं, आधी मनात जाणीव रुजली पाहिजे. मग लिफ्टमध्ये रडणाऱ्या पृथ्वीचं चित्र लागलं, एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान झालं, टाळ्या पडल्या आणि अल्पोपहार थर्माकोलच्या प्लेटांत वाटला गेला! दुसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या मोठ्या डब्यात तेच: शिळी आमटी, डायपर, कुरिअरचे खोके, सगळं एकत्र. रात्री अंधारात पिशवी टाकून पळणाऱ्याला कसली आलीय जाणीव?

मी मीटिंगमध्ये म्हटलं, डबाच उचला. भरपूर आरडाओरडा झाला, पण डबा गेला आणि 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई सकाळी दारोदार यायला लागल्या. आमच्या मजल्यावर एकींना त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, ओल्यात ही काचेची बाटली कशी?" समोरचं दार उघडंच होतं. संध्याकाळी त्या घरात दुसरी बादली आली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर ओळखीसाठी लाल ठिपका काढायलाही बायका शिकल्या, कारण ते हाताळणारं माणूस आता रोज दारात उभं असतं.

अमेरिकेत हॉटेलांमध्ये असाच प्रयोग झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' यापेक्षा 'या खोलीत राहिलेले बहुतेक लोक टॉवेल पुन्हा वापरतात' ही पाटी जास्त चालली. भावजींना ते पाठवलं होतं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

पैशाच्या आमिषावर माझा विश्वास नाही. गांडूळखत, सोलर वगैरे केलं तर महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. शेजारच्या सोसायटीत सूट चालू आहे, गांडुळं केव्हाच गेली.

हां, दुकानदारावर दंड चालतो. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत पहिल्या वेळेला ५,००० रुपये होते, तेव्हा आमच्या मंडईतल्या पिशव्या गायब झाल्या होत्या. तपासणी थंडावली, पिशव्या परतल्या. आणि बंगल्यात राहणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या नजरेचं माझं हे औषध कितपत लागू पडेल, शंकाच आहे.

तुमचे अध्यक्ष व्याख्यान ठेवायचंच म्हणाले तर ठेवू द्या, फक्त डबा आधी हलवा. श्रेयाची आशा मात्र सोडा. आमच्या वार्षिक अहवालात 'जनजागृती मोहिमेला उत्स्फूर्त प्रतिसाद' असं छापलंय, खाली भावजींची सही.