विंडोज ९८ चालू ठेवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पेंटियम ४ वर विंडोज ९८ सेकंड एडिशन टाकतोय. ५१२ एमबीच्या दोन रॅम आहेत, तरी ‘मेमरी अपुरी आहे’ म्हणून बंद पडतं. असं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : रॅम जास्त आहे म्हणूनच. डिस्कवरचा मजकूर हाताशी ठेवणारा व्हीकॅश हा भाग रॅमच्या प्रमाणात पसरतो. ५१२ एमबीच्या पुढे तो मेमरीचे इतके पत्ते अडवतो की सिस्टीमला पुरेसे उरत नाहीत. एजीपी म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्डही त्याच पत्त्यांतून वाटा घेतं.

आधी एक रॅम काढा आणि इन्स्टॉलेशन पूर्ण करा. मग सिस्टम.आयएनआय (System.ini) ही विंडोजच्या सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून व्हीकॅश (vcache) या मथळ्याखाली ‘MaxFileCache=262144’ ही ओळ लिहा. आकडा केबीमध्ये आहे, म्हणजे २५६ एमबी. मग दुसरी रॅम लावा. तरी अडलं तर 386Enh या मथळ्याखाली ‘MaxPhysPage=20000’ लिहा. हा आकडा हेक्समधला, म्हणजे सोळाच्या आधाराने मोजलेला आहे; त्याने विंडोज ५१२ एमबीच्या वर पाहतच नाही. विंडोज उघडतच नसेल, तर सुरू होताना एफ८ दाबून ‘कमांड प्रॉम्प्ट ओन्ली’ निवडा आणि एडिट हा प्रोग्रॅम वापरून हीच दुरुस्ती करा. आमचं मत विचाराल तर दुसरी रॅम काढूनच ठेवा. त्या काळातल्या सॉफ्टवेअरला २५६ एमबीसुद्धा पुष्कळ होते.

प्रश्न : १६० जीबीची डिस्क वर्षभर नीट चालली. आता फोल्डरची नावं विचित्र दिसतात. स्कॅनडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवू का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : अजिबात नको. त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका, डीफ्रॅग (फाइली सलग लावणं) सुद्धा नको. विंडोज ९८ चा मूळ आयडीई ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) पत्ता २८ बिटांत मोजतो. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून मर्यादा १३७ जीबीची. त्यापुढे लिहायची वेळ आली की पत्ता पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि डिस्कच्या सुरुवातीचा भाग, म्हणजे नेमकी फाइलांची यादी, पुसली जाते. डिस्क भरेपर्यंत काहीच कळत नाही, हे यातलं सर्वांत वाईट.

डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला जोडा आणि फक्त वाचण्यापुरती उघडून सगळं उतरवून घ्या. नंतर जीपार्टेड या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने डिस्कचे नव्याने भाग पाडा. सगळे भाग मिळून १२० जीबीच्या आत राहू द्या, उरलेली जागा मोकळी सोडा. विंडोज ९८ सोबतचं भाग पाडणारं मूळ एफडिस्क ६४ जीबीवरची डिस्क चुकीची मोजतं, ते टाळा. हौशी लोकांनी दुरुस्त केलेले ड्रायव्हर मिळतात, पण ते आपल्याच आवृत्तीचे आहेत याची खात्री हवी. त्यापेक्षा ३२ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश (जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी) कार्ड आणि आयडीई अडॅप्टर बरं : आवाज नाही, आणि कार्ड काढून पूर्ण प्रत घेता येते. सीडीवरचा विन९८ फोल्डर कार्डावर उतरवून तिथूनच सेटअप चालवा, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला सीडी शोधावी लागणार नाही.

प्रश्न : जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटर पोर्टवर लागतो. यूएसबी अडॅप्टर चालेल? (एक मुद्रक, कोल्हापूर)

उत्तर : बहुधा नाही. असा डोंगल पोर्टच्या ठरावीक पत्त्यावर थेट बोलतो. यूएसबी अडॅप्टर फक्त प्रिंटरसाठी असतो, तो पत्ता त्याच्याकडे नसतो. मदरबोर्डवरच पोर्ट असलेलं मशीन सांभाळा.

मजकूर मात्र आजच बाहेर काढा. त्या फाइल युनिकोडमध्ये नाहीत. फाँट गेला की उरतात निरर्थक रोमन अक्षरं. मूळ फाइल, फाँट आणि पीडीएफ अशा तिन्ही गोष्टी जपा, नंतर प्रतीवर कन्व्हर्टर चालवा. तपासताना रफार, ‘ऱ्य’ आणि पहिली वेलांटी आधी पाहा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, म्हणून चुका तिथेच साचतात.

प्रश्न : ४८६ या जुन्या पीसीच्या बोर्डवर बॅटरीभोवती हिरवट थर आलाय. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निकेल-कॅडमियम बॅटरी गळली आहे. मशीन सुरू न करता ती आधी कापून काढा. थर अल्कलीचा असतो. पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पूर्ण वाळल्यावर जवळचे तांब्याचे मार्ग मल्टिमीटरने तपासा आणि तुटलेला मार्ग बारीक तारेने जोडा. नवी सीआर२०३२ (नाण्यासारखी बॅटरी) लावायची असेल तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, नाहीतर बोर्ड तिला चार्ज करायला जाईल.