डेड एंड गल्लीतलं रो हाउस घ्यायचं असेल तर आधी गल्लीचं टोक बघा

तुमचा प्रश्न असा: नवी मुंबईत एका डेड एंड गल्लीत सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) काळातलं जुनं रो हाउस मिळतंय. तेवढ्याच पैशांत मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये टू बीएचके फ्लॅटही येतो. घरात लहान मुलगी आहे, वयस्कर वडील आहेत. काय घ्यावं?

मी नेरुळला अशाच एका गल्लीत बरीच वर्षं राहते, आणि माझं मत रो हाउस घ्या असंच आहे. फक्त घर बघायच्या आधी गल्ली बघा, आणि गल्लीतही तिचं टोक. एजंट तुम्हाला किचन, टेरेस, नवीन टाइल्स दाखवेल. ते नंतर. आधी सरळ चालत शेवटच्या भिंतीपाशी जा आणि पलीकडे काय आहे ते विचारा.

कारण गल्ली आज बंद आहे म्हणून उद्याही बंद राहील असं नाही. काही गल्ल्या मुळातच बंद आखलेल्या असतात. पलीकडे बाग असते, नाला असतो, डोंगर असतो. पण काही गल्ल्या बंद दिसतात त्या केवळ पुढचा रस्ता अजून झाला नाही म्हणून. आराखड्यात तो रस्ता आखलेला असतो, मधला एखादा प्लॉट तेवढा अडकलेला असतो. तो सुटला की भिंत जाते आणि तुमच्या दारावरून रिक्षा, टेम्पो, स्कूल बस सगळं सुरू होतं. शांततेसाठी मोजलेले जास्तीचे पैसे त्या दिवशी गेले म्हणून समजा. त्यामुळे टोकन देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या भागाचा नकाशा आणि डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तिथे काय दाखवलंय याचा दाखला, काढा. नवी मुंबईत सिडकोचे नोडनिहाय (नोड म्हणजे नेरुळ, बेलापूरसारखा आखलेला भाग) आराखडे होतेच, महापालिकेचा स्वतःचा प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत तुमच्या भिंतीपुढे काय दाखवलंय ते बघा. बाग असेल तर उत्तम. शाळेचं आरक्षण असेल तर सकाळ-दुपार गडबड राहील, पण संध्याकाळ तुमची. मोकळा निवासी प्लॉट असेल तर त्यावर टॉवर येणार हे धरूनच चला आणि त्याचं गेट कुठल्या रस्त्यावर येईल ते विचारा.

नकाशात न दिसणारी एक गोष्ट डोळ्यांनी बघावी लागते. भिंतीला भगदाड आहे का? स्टेशनकडे किंवा बाजाराकडे जाणारा शॉर्टकट म्हणून लोक कधीतरी दोन विटा काढतात, मग चार काढतात, आणि पाहता पाहता तिथून बाइक जायला लागते. भिंतीपाशी गवत तुडवून पायवाट पडलेली दिसली तर ती गल्ली नावालाच बंद आहे.

टोकाशी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिला आहे. त्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडची दारं बंद होतात, शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. कल्पना चांगलीच आहे. पण अनेक तलावांत गाळ साठून खारफुटी वाढली आहे, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढण्याचं काम परवानग्यांमध्ये अडकतं. म्हणून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल सेक्टरांत पाणी तुंबतं. आता गल्लीचा उतार टोकाकडे असेल तर तिथे आलेलं पाणी पुढे कुठे जाणार? शेवटच्या दोन-चार घरांच्या अंगणात.

हे उन्हाळ्यातही ओळखता येतं. रस्त्यावर थरावर थर डांबर पडून रस्ता वर आलेला असतो आणि जुनी घरं आपोआप खाली गेलेली असतात. मूळ तीन पायऱ्या असायच्या तिथे एकच उरली असेल तर तो इशारा समजा. शेजाऱ्यांचे लाइटचे मीटर बघा, छातीच्या उंचीवर असायला हवेत ते डोक्याच्या वर नेऊन लावलेत का? इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन चौथऱ्यावर चढवलंय का? दाराला लाकडी उंबऱ्याऐवजी वीतभर उंच सिमेंटचा बांध आहे का? माणसं गिऱ्हाइकासमोर पाण्याचं बोलत नाहीत, पण त्यांच्या घरातल्या वस्तू सगळं सांगून जातात. डोंगराच्या पायथ्याला, म्हणजे बेलापूरला पारसिकच्या बाजूला किंवा ठाण्यात येऊरच्या खाली, प्रश्न वेगळा असतो. तिथे पाणी वरून लोटत येतं, म्हणून नाला कुठून वळवलाय आणि साफ होतो का ते बघा. शिवाय येऊरच्या पायथ्याच्या वस्त्यांत अंधार पडल्यावर बिबट्या फिरकतो. तिथले लोक त्याला घाबरून घर विकत नाहीत, पण लहान मूल आणि कुत्रं संध्याकाळनंतर एकटं बाहेर सोडत नाहीत.

आता पार्किंग. डेड एंड गल्लीत भांडणं झाली तर याच्यावरून होतात. ही घरं आखली तेव्हा एका कुटुंबाकडे फार तर एक स्कूटर असायची. पुढे घरं वाढली, समोरची मोकळी जागा बंद करून तिथे खोली किंवा दुकान आलं, आणि गाडी रस्त्यावर आली. गल्लीत वळायला जागा एकच, टोकाला. आणि ती मोकळी दिसते म्हणून प्रत्येकाला तिथेच गाडी लावायची असते. मग घंटागाडी आत येत नाही, कचरा तोंडाशी नेऊन द्यावा लागतो. गॅसवाला हॉर्न वाजवून निघून जातो.

आमच्याकडे एका पावसाळ्यात रात्री समोरच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून ती आत येईना. गल्लीतल्या पोरांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चौघांनी खुर्चीचे पाय धरले, एकाने वर छत्री धरली आणि तसंच तोंडापर्यंत नेलं. काका वाचले. त्यानंतरच्याच रविवारी सगळ्या घरांची बैठक झाली. टोकाची वळायची जागा पिवळ्या रंगाने आखून घेतली, तिथे पाहुण्याचीही गाडी लागत नाही, आणि पार्किंग एकाच बाजूला. हा नियम कुठल्या कागदावर नाही, तरी आजवर कुणी मोडलेला नाही. तुमचे वडील सोबत राहणार आहेत, म्हणून विचारते: तुम्ही बघताय त्या गल्लीत रात्री दहा वाजता, सगळ्या गाड्या परतल्यावर, ॲम्ब्युलन्स शेवटच्या घरापर्यंत जाऊन वळू शकेल का? हे दिवसा बघून कळत नाही, रात्रीच जा.

बाकी मुलीसाठी आणि वडिलांसाठी या गल्लीसारखं दुसरं काही नाही, हे मी मनापासून सांगते. गल्लीत जो येतो तो कुणाकडे तरीच आलेला असतो. अनोळखी माणूस दिसला की तीन घरांतून एकदम विचारणा होते, "कोण पाहिजे?" संध्याकाळी पोरांचा रस्त्यावरच डाव चालतो, गाडी आली की "गाडीऽऽ" असा पुकारा होतो, स्टंप उचलले जातात, गाडी गेली की पुन्हा लागतात. गाडीवालाही गल्लीतलाच असल्यामुळे हळू येतो. मावरं घेऊन येणारी कोळीण थेट टोकापर्यंत येते, कारण कुठल्या घरात सोमवार पाळतात आणि कुठे गुरुवार हे तिला पाठ आहे. गणपतीत टोकाला छोटा मांडव पडतो, कुणाचाही रस्ता अडत नाही. आणि म्हातारी माणसं दाराबाहेर खुर्ची टाकून बसू शकतात. टॉवरमध्ये खाली बाग असते, बाकडी असतात, पण तिथे जायला लिफ्ट, कपडे बदलणं, चपला, असं सगळं करावं लागतं, आणि वयाबरोबर ते हळूहळू सुटतं. दार उघडलं की माणसं दिसणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट आहे.

या विचाराची मुळं नवी मुंबईत जुनी आहेत. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती बसवली आणि अशा तीन चौकांचा मिळून एक मोठा चौक केला. प्लॉट लहान, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, पण प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र ठेवल्या, म्हणजे कुटुंब वाढलं की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून उंच झाली आहेत, तरी एखाद्या संध्याकाळी तिथे नक्की फिरून या. ज्या चौकात पोरं खेळताना दिसतील आणि ज्या चौकात नुसत्या गाड्या दिसतील, त्या दोन्हींत उभं राहून बघा. तुमच्या गल्लीत काय तपासायचं ते आपोआप समजेल.

कागदांचं सांगते. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, म्हणजे साठ वर्षांच्या लीजवर. वाटप १९८५ चं असेल तर लीज २०४५ पर्यंतची, आणि बँक कर्ज देताना उरलेली वर्षं मोजते. "आता सगळं फ्रीहोल्ड (म्हणजे जमीन कायमची मालकीची) होणार आहे" हे एजंटच्या तोंडून ऐकून किंमत वाढवू नका, त्या प्लॉटच्या कागदावर जे आहे तेवढंच खरं. मूळ वाटपपत्र, लीजचा करार, आणि आजवर जितक्या वेळा घर विकलं गेलं तितक्या ट्रान्सफर ऑर्डर, ही साखळी सलग हवी. मधला एखादा व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेला असेल तर तिथेच थांबा आणि वकिलाला दाखवा. सिडकोचं ट्रान्सफर शुल्क कोण भरणार हे आधीच लिहून घ्या.

याहून जास्त अडचण वाढीव बांधकामाची होते. मंजूर नकाशा मागा आणि हातात धरून घरभर फिरा. वरचा मजला, मागची संडास-बाथरूम, पुढची बंद केलेली जागा, यातलं नकाशात काय आहे? जे नाही त्याचे पैसे देऊ नका, कारण बँकेचा व्हॅल्युअर ते धरत नाही आणि उद्या एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढायची, नोटीस आली तर ती ज्याच्या ताब्यात घर आहे त्याच्या दारावर लागते. घर तीस वर्षांपुढचं असेल तर स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनीअर नेऊन दाखवा. स्लॅबचं प्लास्टर फुगलंय का, सळईचा गंज दिसतोय का, सामाईक भिंतीत ओल शेजाऱ्याकडून येते का. रो हाउसमध्ये गळती काढायची ती तुम्हालाच, आणि दर चार-पाच वर्षांनी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च धरून चला. फ्लॅटचा मेंटेनन्स वाचतो असं म्हणतात, तो या खर्चात जातो. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, त्याचा विचार करा.

रिडेव्हलपमेंटच्या आशेने मात्र घेऊ नका. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला सर्वसाधारणपणे प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जास्तीचा) किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळत नाही. पण तुम्हाला तिथे राहायचं असेल तर हाच तुमचा फायदा आहे. ज्या नियमामुळे तुम्हाला मोठा बिल्डर मिळणार नाही त्याच नियमामुळे शेजारच्या प्लॉटवर वीस मजले उभे राहणार नाहीत. फक्त गल्लीच्या तोंडाचे दोन-तीन प्लॉट कुणी एकत्र घेतोय का, एवढं कानावर ठेवा. तोंडाच्या प्लॉटला बाहेरचा रुंद रस्ता लागतो आणि तिथे गणित बदलतं.

तुमचं घर अगदी टोकाचं, रस्त्यासमोर असेल तर वास्तू बघणारे गिऱ्हाईक त्याला नाक मुरडतात आणि भाव थोडा कमी लागतो. मला त्यातला खरा त्रास एवढाच वाटतो की रात्री येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे हॉलमध्ये येतात. दारापुढे तगरीची किंवा जास्वंदीची दाट रांग लावली की प्रश्न मिटतो. भाव कमी करून मिळत असेल तर मी टोकाचंच घर घेईन.

शेवटी, शेजारी. विकणाऱ्याला सोडा, टोकाच्या घरात जा आणि मधल्या एखाद्या घरात जा. "इथे घर बघतोय" असं सरळ सांगा. चहा विचारला जातो की गेटबाहेरून बोळवण होते ते बघा. पाणी किती वाजता येतं, गेल्या पावसात कुठपर्यंत आलं होतं, गाड्या कशा लावता, एवढं विचारलंत तरी पुरे. घर कुठल्या नोडमध्ये, कुठल्या सेक्टरला आहे ते कळवा. नेरुळ, सीवूड्स किंवा बेलापूरकडचं असेल तर तिथे पाणी कुठे भरतं हे मला माहीत आहे तेवढं सांगेन.